ठणकणारी दाढ मेलेली नसते

सहा वर्षांच्या आसपास मुलाच्या तोंडात, दुधाच्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ येते. ती येताना एकही दात हलत नाही की पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढचे दोन दात पडले की कौतुक होतं, फोटो निघतात. या दाढेचं कुणी नाव घेत नाही. पुढे तिच्यावर काळा डाग दिसला तरी ‘दुधाची आहे, पडेल आपोआप’ असं म्हणून विषय संपतो. ती पडणार नसते. ती कायमची पहिली दाढ असते आणि खालचा-वरचा सगळा चावा पुढे तिच्याच आधाराने बसतो.

ही दाढ सगळ्यांत आधी किडते, याला साधी कारणं आहेत. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, उगवताना ती बरेच महिने अर्धी हिरडीखाली असते, मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, आणि नुकत्या उगवलेल्या दाताचं वरचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. चहात बुडवलेलं बिस्किट त्या खाचेत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. आठव्या-नवव्या वर्षी मूल रात्री गाल धरून उठतं. घरात लवंगेचं तेल येतं, मेडिकलमधून गोळी येते, दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्यांदा ठणका लागला की डॉक्टर. तोवर दाढेत करंगळीचं टोक जाईल एवढा खड्डा असतो.

या टप्प्यावर बहुतेकांना दोनच रस्ते माहीत असतात: दाढ काढा, नाहीतर रूट कॅनाल करा. तिसरा रस्ता आहे आणि तो पुष्कळदा या दोन्हींपेक्षा चांगला आहे. दाढेचा किडका भाग काढायचा, आतला आजारी भाग हवा तेवढाच काढायचा आणि उरलेली नस जिवंत ठेवायची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या उपचाराने दंतवैद्यकाची विचार करण्याची रीतच बदलली आहे. पण ज्या वस्त्यांमध्ये त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, तिथे तो अजून पुरेसा पोचलेला नाही. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हा लेख.

देवनारचंच उदाहरण घेऊ. मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागातला हा भाग. एका बाजूला 1927पासूनचं डम्पिंग ग्राउंड, दुसरीकडे कत्तलखाना, आणि याच देवनारात 1954पासून टाटा समाजविज्ञान संस्था. 2009च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत एम-पूर्वचा क्रमांक शेवटचा होता. 2011च्या जनगणनेत या एका विभागाची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. इथे दातांचा खर्च घराच्या हिशेबात सगळ्यांत शेवटी येतो. दाढेच्या रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात आणि वर कॅप बसवायची तर ते पैसे वेगळे. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. मग पहिल्या खेपेत ठणका थांबला की दुसरी खेप राहून जाते, तात्पुरतं भरलेलं सिमेंट महिन्या-दोन महिन्यांत निघतं, आणि वर्षभरात ती दाढ काढावीच लागते. अर्धवट सोडलेलं रूट कॅनाल हा गरीब वस्तीतला नित्याचा प्रकार आहे. त्यात चूक एकट्या पेशंटची नसते. उपचाराची आखणीच त्याच्या आयुष्याला धरून नसते.

जिवंत ठेवायचं ते नेमकं काय, हे समजण्यासाठी दाढेच्या आत जावं लागेल. बाहेरचं पांढरं कवच, एनॅमल, दाढेच्या माथ्यावर साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं. त्यात पेशी नाहीत, संवेदना नाही. ते एकदा गेलं की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत डेंटिन. डेंटिन वरवर घट्ट दिसतं, पण ते अत्यंत बारीक नळ्यांनी भरलेलं असतं. आतल्या बाजूला दर चौरस मिलिमीटरमध्ये चाळीस-पन्नास हजार नळ्या मोजता येतात. या नळ्या ज्या पोकळीकडे जातात तिथे दाताचा गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात, लोक नस म्हणतात. त्यात मज्जातंतू असतात, पण तेवढंच नाही. रक्तवाहिन्या आहेत, रोगाशी लढणाऱ्या पेशी आहेत, आणि भिंतीला लागून उभ्या असलेल्या ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशींची रांग आहे. डेंटिन तयार करतात त्या या पेशी. त्यांचं काम दात उगवल्यावर थांबत नाही. कीड जवळ येऊ लागली की त्या आतल्या बाजूने नवं डेंटिन चढवू लागतात आणि नस मागे सरकते. हे काम फार हळू चालतं, दिवसाला एक-दीड मायक्रॉन. म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या वर. कीड सावकाश सरकत असेल तर दात ही शर्यत जिंकतो. मोठ्या माणसांच्या तोंडात काळ्या, टणक झालेल्या, कधीही न दुखलेल्या जुन्या किडी दिसतात, त्या अशा जिंकलेल्या शर्यती आहेत.

दुखणं सुरू होतं ते जंतूंची विषारी द्रव्यं नळ्यांतून गरापर्यंत पोचली की. गर सुजतो. शरीरात इतरत्र सूज आली तर आजूबाजूला जागा असते. इथे चारही बाजूंनी टणक भिंत. तोंड घट्ट बंद केलेल्या डब्यात हरभरे भिजत घातले तर जे होईल तसं काहीसं, असं दंतवैद्यकात शिकवलं जायचं: आत दाब वाढतो, मुळाच्या टोकाशी रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सगळी नस एकदम मरते. म्हणून दुखऱ्या दाढेची नस काढायची. पण पुढे प्राण्यांच्या दातांत अतिसूक्ष्म नळ्या घालून दाब मोजला गेला तेव्हा चित्र वेगळं निघालं. सुजलेल्या जागी दाब वाढलेला होता, पण तिथून एक-दोन मिलिमीटरवर तो नेहमीसारखाच होता. म्हणजे गर सगळाच्या सगळा एकाच वेळी मरत नाही. किडीच्या तोंडाशी पू झालेला असू शकतो, त्याच्या मागे सूज असते आणि त्याहून मागे, मुळांमध्ये, निरोगी गर असतो. रात्रभर ठणकणारी दाढ म्हणजे आत लढाई चालू आहे एवढंच. हरलेली दाढ पुष्कळदा दुखायची थांबते. लोक नेमकं उलटं समजतात. दुखणं आपोआप थांबलं की बरं झालं असं वाटतं आणि खरी वेळ निघून जाते.

या विषयातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रयोग 1965चा आहे. अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढा ड्रिलने उघडल्या, गर उघडा पाडला आणि वर काहीच न भरता तसाच सोडला. यांतले काही उंदीर नेहमीसारखे वाढवलेले होते. काही मात्र जन्मापासून पूर्ण जंतुविरहित पेट्यांमध्ये वाढवलेले, त्यांच्या तोंडात एकही जंतू नव्हता. नेहमीच्या उंदरांच्या दाढांत गर सडला, मुळाशी गळवं झाली. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत अन्नाचे कण उघड्या गरात जाऊन बसले होते, तरीही गर जिवंत राहिला आणि उघड्या जागेवर डेंटिनचा नवा पूल बांधला गेला. याचा अर्थ गर नाजूक आहे म्हणून मरत नाही. उघडा पडला म्हणूनही मरत नाही. त्याला मारतात ते जंतू. जंतूंना बाहेर ठेवता आलं तर बरं होण्याची ताकद त्याच्यात आहे.

हे कळायला इतका वेळ का लागला, यामागे एक जुना वाद आहे. इंग्लंडमधल्या जॉन टोम्स यांनी 1859मध्येच लिहून ठेवलं होतं की गर उघडा पडून दात गमावण्यापेक्षा तळाशी थोडं रंग बदललेलं डेंटिन राहू दिलेलं बरं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 1908मध्ये, अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी नेमकं विरुद्ध मत मांडलं: मऊ झालेलं डेंटिन आत ठेवू नये, त्यासाठी गर उघडा पडला तरी चालेल. ब्लॅक यांचा दबदबा मोठा होता. विसावं शतक बहुतेक सगळं त्यांच्या मताप्रमाणे गेलं. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी शेवटचा मऊ कण निघेपर्यंत खरवडत राहिले, आणि जिवंत राहू शकले असते असे कितीतरी दात त्यात गेले. आज मत पुन्हा टोम्स यांच्या बाजूला आलं आहे. खड्ड्याच्या कडा मात्र पूर्ण स्वच्छ, टणक लागेपर्यंत साफ करायच्या; गराजवळच्या तळाशी चामड्यासारखा किंवा मऊ थर राहिला तर राहू द्यायचा आणि वरून इतकं घट्ट भरायचं की आत अडकलेल्या जंतूंना अन्नच मिळू नये. उपासमारीने त्यांचं काम थांबतं. 2016मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने खोल किडीसाठी हीच पद्धत एकमताने सुचवली. गर उघडाच पडला नाही तर पुढचे सगळे प्रश्न मिटतात, म्हणून पहिला प्रयत्न नेहमी हाच असायला हवा.

तरीही अनेकदा कीड गरापर्यंत पोचलेलीच असते. मग काय करायचं?

उघड्या गरावर काहीतरी झाकण ठेवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत फिलिप फाफ यांनी 1756मध्ये सोन्याचा पातळ पत्रा ठेवून पाहिल्याची नोंद आहे. खरी सुरुवात 1920 साली झाली, जेव्हा जर्मनीतल्याच हर्मान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरायला सुरुवात केली. ते चुन्यासारखं तीव्र अल्कली असतं. त्याच्या स्पर्शाने गराचा वरचा पातळ थर मरतो आणि त्याखाली गर नवं डेंटिन बांधायला घेतो. पुढची सत्तर वर्षं हेच औषध होतं. पण त्यात दोन उणिवा होत्या. ते हळूहळू विरघळतं, आणि त्याखाली तयार होणाऱ्या डेंटिनच्या पुलात आरपार बोगदे राहतात. वरचं भरणं जरासं गळायला लागलं की जंतू त्या बोगद्यांतून आत.

हे बदललं 1993मध्ये. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीए नावाचं सिमेंट पुढे आणलं. त्याचा मुख्य भाग म्हणजे बांधकामात वापरतात ते पोर्टलंड सिमेंटच, अधिक शुद्ध आणि बारीक केलेलं, आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. हे सिमेंट ओल्या जागीही घट्ट होतं, आणि दातात नेहमी ओलच असते. त्यातून कॅल्शियम सुटत राहतं, गराच्या पेशी त्याला त्रास मानत नाहीत आणि त्याखालचा पूल जाड आणि सलग बनतो. दोष म्हणजे घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात आणि दात करडा पडतो. पुढे त्याच जातीची नवी सिमेंटं आली. त्यांतलं बायोडेंटिन बारा मिनिटांच्या आसपास घट्ट होतं आणि दात करडा करत नाही.

आता प्रत्यक्ष खुर्चीवर काय होतं ते पाहू. समजा नऊ वर्षांची मुलगी आहे, खालची डावी दाढ, रात्री ठणका, गार पाणी लागलं की सणक आणि ती मिनिटभर राहते. गालावर सूज नाही, हिरडीवर पुळी नाही. एक्स-रेमध्ये कीड गराला टेकलेली, पण मुळांच्या टोकांशी हाड शाबूत. इंजेक्शन देऊन दाढ बधिर केली जाते. मग दाढेवर रबराचा पातळ पडदा, म्हणजे रबर डॅम, चढवतात. हा पडदा 1864पासून दंतवैद्यकात आहे, पण गर्दीच्या दवाखान्यात त्याला अजूनही फाटा दिला जातो. इथे त्याला पर्याय नाही, कारण सगळी लढाई जंतूंशी आहे आणि थुंकीच्या प्रत्येक थेंबात ते लाखोंनी असतात. आधी कडांची कीड काढायची, मग तळाची. शेवटी ड्रिलला नवं, निर्जंतुक टोक लावायचं आणि भरपूर पाण्याच्या फवाऱ्याखाली, हलक्या हाताने, गराचा वरचा भाग काढायचा.

यानंतर डॉक्टर पाहतो ते रक्त. लाल, ताजं रक्त आलं तर आत जीव आहे. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर ठेवायचा आणि घड्याळाकडे बघत थांबायचं. पाच मिनिटांत, फार तर दहा, रक्त थांबलं तर उरलेला गर निरोगी समजायचा. थांबलं नाही तर सूज आणखी खाली उतरलेली असते. थोडा आणखी गर काढायचा आणि पुन्हा बोळा. वरवरचा दोन-तीन मिलिमीटर गर काढला तर ती अर्धी पल्पोटॉमी, आणि मुळांच्या तोंडापर्यंत माथ्यातला सगळाच काढला तर पूर्ण. कोरडी पोकळी, पिवळट स्राव, वास, किंवा रक्ताचा टिपूसही नाही, असं असेल तर गर मेलेला आहे आणि तिथे जिवंत ठेवायला काही उरलेलं नाही.

रक्त थांबलं की सिमेंट कालवतात. बायोडेंटिनची भुकटी कुपीत येते, तिच्यात द्रवाचे पाच थेंब टाकून यंत्रात तीस सेकंद हलवायचं. ते गराच्या छाटलेल्या तोंडांवर अलगद ठेवायचं, दाबायचं नाही. घट्ट झालं की त्याच दिवशी वर कायमचं भरणं. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे या उपचाराचं सगळ्यांत मोठं दुखणं आहे. वर तात्पुरतं सिमेंट राहिलं आणि पेशंट परत आला नाही तर आत कितीही चांगलं काम झालेलं असो, ते वाया जातं. देवनारसारख्या ठिकाणी मी हाच मुद्दा सगळ्यांत वर ठेवीन. एका बैठकीत दुखणंही थांबतं आणि दाढही बंद होते, हा या उपचाराचा मोठा गुण आहे. तो गुण वापरला नाही तर रूट कॅनालच्या अर्धवट खेपांसारखीच याची गत होईल.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी रूट कॅनालने कधीच साधत नाही. पहिली दाढ तोंडात आल्यावर तिची मुळं पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. तोवर मुळाचं टोक रुंद उघडं असतं आणि भिंती पातळ असतात. मूळ पूर्ण करणाऱ्या पेशी जिवंत गरावर अवलंबून असतात. सातव्या-आठव्या वर्षी नस काढून टाकली की मूळ आहे तिथेच थांबतं, आखूड आणि पातळ. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाड चावताना ती दाढ चिरते. नस जिवंत ठेवली तर मूळ लांब होतं, जाड होतं, टोक मिटतं. सहा महिन्यांच्या अंतराने काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये हे डोळ्यांनी दिसतं.

बरीच वर्षं ही पद्धत लहान मुलांपुरती आणि अपघातात फुटलेल्या दातांपुरती मानली जायची. स्वीडनमधल्या मिओमीर चवेक यांनी 1978मध्ये मार लागून फुटलेल्या 60 पुढच्या दातांत गराचा फक्त वरचा थर काढला आणि 96 टक्के दात वाचले. पण ते ताजे, स्वच्छ घाव होते. किडलेल्या, ठणकणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या मुळांच्या दाढेत असं चालेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पाठ्यपुस्तकात अशा गराला ‘अपरिवर्तनीय’ सुजेचा शिक्का होता आणि शिक्का बसला की रूट कॅनाल ठरलेलं. 2014मध्ये रिकुची आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या दातांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा लक्षणांवरून ‘अपरिवर्तनीय’ ठरवलेल्या सहा दातांमागे साधारण एकात गराची तेवढी हानी झालेलीच नव्हती. आणि जिथे झालेली होती तिथेही ती माथ्याच्या भागात होती. मुळांतला गर बहुधा ठीक.

मग मोठ्या माणसांच्या दाढांवर चाचण्या सुरू झाल्या. इराणमध्ये सईद असगरी यांच्या गटाने 23 आरोग्य केंद्रांमध्ये 407 दाढांची तुलना केली: काहींना पल्पोटॉमी, काहींना एका बैठकीतलं रूट कॅनाल. सगळ्या दाढा त्या जुन्या शिक्क्याच्या होत्या. पाच वर्षांनी, 2015मध्ये निकाल आला: पल्पोटॉमीचं यश सुमारे 78 टक्के, रूट कॅनालचं सुमारे 75. ही केंद्रं सरकारी आरोग्यव्यवस्थेतली होती, म्हणजे नेहमीच्या गर्दीत काम करणारी, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्याकडे रोहतकच्या सरकारी दंत संस्थेतल्या, 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कीड गरापर्यंत गेलेल्या प्रौढ दाढांत दोन्ही उपचारांचं यश जवळजवळ सारखंच निघालं. 2019मध्ये युरोपच्या आणि 2021मध्ये अमेरिकेच्या एंडोडोन्टिक (दाताच्या गरावरच्या उपचारांच्या) संघटनांनी आपल्या अधिकृत भूमिका बदलल्या. आता दुखण्याच्या वर्णनावरून निकाल लावत नाहीत. आत जाऊन रक्त काय सांगतं ते पाहून ठरवतात.

यात वाहवत जायचंही कारण नाही. गालावर सूज आहे, हिरडीवर पू येणारी पुळी आहे, दाढ हलते आहे, एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी मोठा काळा डाग आहे, थंडगार लावलं तरी काहीच जाणवत नाही: अशी दाढ पल्पोटॉमीच्या पलीकडे गेलेली असते. तिथे रूट कॅनालच योग्य आणि ते नीट केलं तर पुष्कळ वर्षं टिकतं. दाढेच्या भिंतीच उरल्या नसतील, वर भरणं पकडायला जागाच नसेल, तर काढणं हाच उपाय. आणि काढावी लागलीच तर दाढ काढल्याने नजर जाते ही भीती मनातून काढून टाकावी. वरच्या दाढेच्या मज्जातंतूंचा डोळ्यांच्या दृष्टीशी संबंध नाही. या एका समजुतीपायी माणसं सडलेली मुळं वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात आणि पू गिळत राहतात. दुखऱ्या दाढेत तंबाखू किंवा मिसरी दाबून धरणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं. त्याने दाढेची बधिरता घटकाभराची आणि तोंडाची हानी कायमची.

पैशांचं म्हणाल तर ही सिमेंटं परदेशी आणि महाग आहेत, पण एका दाढेला लागतं ते चिमूटभर. दाढेच्या मुळांतले तीन-चार वाकडे मार्ग शोधून, घासून, भरण्यात जो वेळ आणि जे कौशल्य जातं ते इथे वाचतं. म्हणून हा उपचार खासगी खुर्चीपेक्षा सरकारी खुर्चीला जास्त परवडणारा आहे. देवनार-गोवंडीच्या माणसाला मुंबईतली दोन मोठी सरकारी दंत रुग्णालयं हाताशी आहेत. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला, 1933पासूनचं. आणि शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटी स्टेशनच्या अगदी लगत. गोवंडीहून हार्बरची गाडी थेट तिथे सोडते, मध्ये बदलावी लागत नाही. अशा ठिकाणी वेळ लागतो, रांग असते, विद्यार्थी काम करतात. पण त्यांच्या डोक्यावर शिक्षक उभा असतो आणि रबर डॅम लावल्याशिवाय तो त्यांना पुढे जाऊ देत नाही.

अडचण त्याआधीची आहे. मूल तिथपर्यंत पोचतं ते गाल सुजल्यावर. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त, 53.8 टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. शाळेतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013च्या फेब्रुवारीत सुरू झाला तोच मुळी आपल्या पालघरमधून, आणि त्याच्या यादीत दातांची कीड आहे. तपासणीला येणाऱ्या पथकाने मुलाच्या तोंडात सहाव्या वर्षी आलेली ती एक दाढ जरी बॅटरी मारून नीट पाहिली आणि खाच काळी दिसताच त्याच महिन्यात पाठवलं, तर बहुतेक मुलांना इंजेक्शनचीही गरज पडणार नाही. खाचेत सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा लेप, भरायला काही मिनिटं लागतात. मला तरी मुंबईसारख्या शहरात हे जमण्यासारखं वाटतं. पालकांनी वाट न पाहता स्वतःही बघावं: मुलाला उजेडात तोंड उघडायला सांगा, शेवटची दाढ खालून-वरून पाहा, आणि फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने रात्री तुम्ही स्वतः घासून द्या, निदान सात-आठ वर्षांचं होईपर्यंत.

मोठ्या माणसाला डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलं तर घाबरून पळू नये आणि मुकाट्याने होही म्हणू नये. ‘डॉक्टर, नस जिवंत ठेवता येईल का? रबर लावून कराल का? वरचं पक्कं भरणं आजच होईल का?’ एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. चांगला डॉक्टर रागावत नाही. कधी तो ‘आत गेल्यावर ठरेल’ म्हणेल, आणि ते उत्तर खरं असतं.

उपचारानंतर एक-दोन दिवस दाढ थोडी ठसठसते, ते चालतं. आठवड्यानंतरही रात्रीचा ठणका राहिला, किंवा चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटू लागली, तर लगेच दाखवावं. सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने एक्स-रे काढावा, दुखत नसलं तरी, कारण गर नंतर मेला तर तो बऱ्याचदा न दुखता मरतो. आणि उपचाराच्या दिवशीचा एक्स-रे व कागद जपून ठेवावा. पूर्ण पल्पोटॉमी झालेल्या दाढेला थंड लावलं तर काहीच जाणवत नाही, कारण माथ्यातला गर गेलेला असतो आणि वर सिमेंटचा जाड थर असतो. पाच वर्षांनी दुसऱ्याच दवाखान्यातला डॉक्टर हे न कळून तीच दाढ मेलेली समजेल आणि चांगली जगलेली नस काढून टाकेल. कागदावर तारीख, दाढ कुठली, गर कुठपर्यंत काढला आणि सिमेंट कुठलं, एवढ्या चार गोष्टी लिहून मागा. घाई असेल तर फोनमध्ये फोटो काढून घ्या.